सँड्रा सिस्नेरोस : 'मँगो स्ट्रीट'नंतर काय वाचावे?

वासंती_शिकागो :
माझ्या मुलीला नववीत सँड्रा सिस्नेरोस यांचे 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' नेमलेले आहे. तिच्याबरोबर मीही ते वाचले आणि अवघ्या ४४ छोट्या प्रकरणांत एक अख्खी वस्ती कशी उभी राहिली, याचे नवल वाटले. या चिकाना (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन) लेखिकेचे पुढचे कोणते पुस्तक घ्यावे, आणि त्यांच्या जीवनाविषयी त्यांनी स्वतः काही लिहिले आहे का, याबद्दल जाणकारांनी कृपया सुचवावे.

दूरदेशी :
पुढचे पुस्तक निश्चितच 'वुमन हॉलरिंग क्रीक' (१९९१) हा कथासंग्रह. शीर्षककथेत मेक्सिकोतून लग्न होऊन टेक्सासमध्ये आलेली क्लेओफिलास नवऱ्याची मारहाण सोसत राहते, आणि शेवटी तिला तेथून बाहेर काढायला येते ती स्वतःचा पिकअप ट्रक चालवणारी, ओढा ओलांडताना मोठ्याने आरोळी ठोकणारी एक बाई. अशीही बाई असू शकते, हे क्लेओफिलासला त्या क्षणी प्रथमच दिसते. मला ही कथा त्यांच्या लेखनातली सर्वोत्तम वाटते. याच संग्रहातील 'इलेव्हन' ही अकराव्या वाढदिवसाची कथा मुलीला जरूर द्या.

या कथांमागची लेखिका कशी घडली, हेही पाहण्यासारखे आहे. १९५४ साली शिकागोत जन्मलेल्या सिस्नेरोस सहा भावांमधली एकुलती एक बहीण. वडील मेक्सिकोहून आलेले आणि सोफे-खुर्च्या मढवण्याचे काम करणारे. आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेत असताना, एका वर्गात घर या विषयावर चर्चा चालू असता, आपण ज्या घरांत वाढलो तशी घरे तेथे कोणाच्याच बोलण्यात नाहीत हे त्यांना जाणवले, आणि वर्गातल्या इतरांना लिहिता येणार नाही तेच आपण लिहायचे, असे त्यांनी ठरवले. पुढे शिकागोत, शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांना शिकवताना ऐकलेल्या हकिगतीही 'मँगो स्ट्रीट'मध्ये मिसळल्या. ते पुस्तक १९८४ साली ह्यूस्टनच्या 'आर्ते पुब्लिको' या छोट्या प्रकाशनाने काढले. 'रँडम हाउस'सारखी मोठी संस्था त्यांच्याकडे वळली ती १९९१च्या कथासंग्रहाच्या वेळी. १९९५ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची पाठ्यवृत्ती मिळाली.

रेखा_वाचते :
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. परंतु कविता वगळू नयेत, कारण 'लूज वुमन' (१९९४) मध्ये स्वतःच्या देहाविषयी आणि एकटे राहण्याविषयी त्या जितक्या निर्भयपणे बोलतात, तितक्या गद्यात क्वचितच बोलतात. हा संग्रह मात्र तुमच्यासाठी, नववीतल्या मुलीसाठी नव्हे.

जीवनाविषयी विचारलेत, तर 'अ हाउस ऑफ माय ओन' (२०१५) घ्या. ते सलग आत्मचरित्र नाही, तीसएक वर्षांतल्या लेखांचा संग्रह आहे. तरी वडिलांवरचे लेखन त्यात आहे, आणि ते वाचून झाले की 'कारामेलो' (२००२) ही कादंबरी अधिक उलगडते. शिकागोहून मेक्सिको सिटीला आजी-आजोबांकडे मोटारीने जाणाऱ्या कुटुंबाची ही मोठी कथा आहे. तिच्यातल्या तळटीपा गाळू नका, कारण मेक्सिकोचा बराच इतिहास तेथेच येतो. स्पॅनिश शब्दांशी अडखळल्यास ध्वनिपुस्तक ऐकावे. 'मँगो स्ट्रीट' आणि 'कारामेलो' ही दोन्ही सिस्नेरोस यांनी स्वतःच्या आवाजात वाचलेली आहेत.