सर्व्हर ‘बंद केला’ की ‘बंद पडला’? शटडाऊन, सस्पेंड आणि स्टॉप यांसाठी मराठी शब्द

प्रश्न (पर्वरी)

मिडलवेअर (ॲप्लिकेशन आणि इतर यंत्रणा यांना जोडणारे मधले सॉफ्टवेअर) सर्व्हरांची रात्रपाळी सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांसाठी मी मराठीतून एक कार्यपुस्तिका तयार करीत आहे. सर्व्हर ओरॅकल कंपनीच्या वेबलॉजिकचे असून ते चालू करणे, थांबवणे, त्यांच्यावर ॲप्लिकेशन चढवणे ही बहुतेक कामे कन्सोलमधून, म्हणजे सर्व्हर हाताळण्याच्या पडद्यावरून, होतात. ‘मिडलवेअर’ हा शब्द तसाच ठेवायचे मी ठरवले आहे. ‘मध्यस्थ’ म्हटले की आपल्याकडे जमिनीचा दलालच डोळ्यांसमोर येतो. खरी अडचण निराळी आहे. सर्व्हर थांबवण्यासाठी कन्सोलमध्ये वेगवेगळे पर्याय असतात, पण पाळीवहीत मात्र सगळ्यांची नोंद ‘सर्व्हर बंद केला’ अशी एकाच साच्यात होते आणि सकाळी येणाऱ्याला त्यावरून काहीच बोध होत नाही. कृपया शब्द सुचवावेत. तसेच ‘प्रशासकीय कन्सोल’ म्हणावे की ‘व्यवस्थापन कन्सोल’, याविषयीही मत कळवावे.

प्रतिसाद (म्हापसे)

दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. ‘प्रशासक’ या शब्दाला गोव्यात आधीच एक वजन आहे. कोमुनिदादींचे (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांचे) प्रशासक किंवा पंचायतीची मुदत संपल्यावर नेमले जाणारे प्रशासक हे सर्वांच्या परिचयाचे असल्यामुळे ‘प्रशासकीय’ म्हटले की सरकारी कागद आठवतो. ‘व्यवस्थापन’ हा शब्द सौम्य असला तरी तो येथे घोटाळा करील. वेबलॉजिकच्या एका डोमेनमध्ये, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या सर्व्हरांच्या गटात, एक ॲडमिन सर्व्हर असतो आणि त्याच्या देखरेखीखाली मॅनेज्ड सर्व्हर असतात. एकाला ‘व्यवस्थापन सर्व्हर’ आणि दुसऱ्याला ‘व्यवस्थापित सर्व्हर’ म्हटले, तर रात्री दोन वाजता फोनवर हा फरक कोणाच्या कानाला कळणार? म्हणून ‘ॲडमिन सर्व्हर’ आणि ‘ॲडमिन कन्सोल’ हेच राहू द्यावे.

‘मुख्य सर्व्हर’ हा पर्याय कोणी सुचवण्याआधीच नाकारतो, कारण त्यातून चुकीचा अर्थ निघतो. ॲडमिन सर्व्हरकडे डोमेनच्या मांडणीची मूळ फाइल असते आणि कन्सोलही त्याच्यावरच चालतो. परंतु तो बंद पडला म्हणून चालू असलेले मॅनेज्ड सर्व्हर थांबत नाहीत. खाजन शेतीच्या मानशीची (खाडीकाठच्या शेतांच्या बांधातील पाणदाराची) दारे भरती-ओहोटीच्या पाण्याने आपोआप लागतात आणि उघडतात, मानस सांभाळणारा तिथे असो वा नसो. तसेच हे आहे. ‘मुख्य पडला’ असे ऐकून एखादा घाबरून सगळेच सर्व्हर नव्याने चालू करायला घेईल.

प्रतिसाद (फोंडा)

‘बंद’ या शब्दाचा दोष नाही. त्यापुढचे क्रियापद आपण निष्काळजीपणे वापरतो. मराठीत ‘बंद केला’, ‘बंद झाला’ आणि ‘बंद पडला’ ही तीन वेगळी विधाने आहेत आणि पाळीवहीला नेमका हाच भेद हवा आहे. माणसाने कन्सोलमधून थांबवला असेल तर ‘केला’. कन्सोल ‘फेल्ड’ अशी स्थिती दाखवत असेल तर ‘पडला’. नोड मॅनेजरने (सर्व्हरांवर लक्ष ठेवणाऱ्या वेबलॉजिकच्या सहायक प्रोग्रामने) असा पडलेला सर्व्हर स्वतःच पुन्हा चालू केला, तर ‘पडला आणि आपोआप उठला’ असे लिहावे; नाहीतर सकाळी हिरवी खूण पाहून रात्री काही घडलेच नाही, असा समज होतो. ‘अननोन’ ही स्थिती तर मुळीच ‘बंद’ नव्हे. ॲडमिन सर्व्हरला त्या सर्व्हरची खबर मिळत नाही, एवढाच तिचा अर्थ. प्रत्यक्षात तो उत्तम चालत असू शकतो. तेथे ‘खबर नाही’ असे लिहावे.

आता ‘केला’ म्हणजे कसा केला, हा भाग राहतो. कन्सोलमध्ये शटडाऊनचे दोन पर्याय असतात: हातातले काम संपल्यावर, किंवा सक्तीने तत्काळ. पहिल्यासाठी ‘काम संपवून बंद केला’ आणि दुसऱ्यासाठी ‘तोडून बंद केला’ असे मी सुचवीन. ‘तोडून’ हा शब्द कानाला कठोर लागतो आणि तो तसा लागलाच पाहिजे, कारण त्या क्षणी अर्ध्यावर असलेले व्यवहार खरोखरच तुटतात. पहिला पर्याय सभ्य असला तरी त्याला वेळ लागतो. प्रतीक्षेची मर्यादा मुळात ० सेकंद असते आणि येथे शून्याचा अर्थ ‘अजिबात थांबू नका’ असा नसून ‘कितीही वेळ थांबा’ असा आहे. कोणी लॉगिन करून जेवायला निघून गेला असेल तर त्याचे सत्र संपेपर्यंत सर्व्हर अडून राहू शकतो आणि सत्राची मूळ मुदत ३,६०० सेकंद, म्हणजे तासभर असते. पाळीवर असलेला माणूस पंधरा मिनिटे वाट पाहतो, कंटाळतो आणि तोडून बंद करतो. त्यात गैर काही नाही, पण वहीत दोन्ही पायऱ्या दिसल्या पाहिजेत.

प्रतिसाद (मडगाव)

भेद पटला, तरीही एक हरकत आहे. पडद्यावर बटण इंग्रजीत आहे आणि पुस्तिकेत ‘तोडून’ लिहिले आहे, असे झाले तर नवा माणूस ते बटण शोधत बसेल. आमच्याकडे वेबस्फिअरचे, म्हणजे आयबीएमच्या अशाच मिडलवेअरचे, सर्व्हर आहेत. त्याच्या कन्सोलमध्ये ‘स्टॉप’, ‘इमिजिएट स्टॉप’ आणि ‘टर्मिनेट’ असे तीन पर्याय आहेत. पहिला चालू कामे आवरू देतो, दुसरा ती आवरण्याची वाट पाहत नाही आणि तिसरा तर सर्व्हरची प्रक्रियाच मारून टाकतो. म्हणजे वेबलॉजिकसाठी ठरवलेले दोन शब्द आम्हाला पुरणार नाहीत. ‘तोडून’च्याही पलीकडचे काही हवे.

प्रतिसाद (फोंडा)

हरकत योग्य आहे. सूचना देताना बटणाचे नाव देवनागरीत जसेच्या तसे अवतरणचिन्हांत द्यावे आणि परिणाम मराठी क्रियापदाने सांगावा: ‘“इमिजिएट स्टॉप” दाबून सर्व्हर तोडून बंद केला.’ वाक्य जरा लांबते, पण शोधाशोध वाचते. ‘टर्मिनेट’साठी आपण वापरलेलाच शब्द घ्यावा: ‘प्रक्रिया मारली’. सगळे तोंडी हेच बोलतात, मग लिहिताना ‘समाप्ती केली’ कशाला?

प्रश्नकर्ता (पर्वरी)

सर्वांचे आभार. ‘खबर नाही’ फारच आवडले. एक शब्द मात्र अजून सुटत नाही. ‘सस्पेंड’साठी कच्च्या मसुद्यात ‘निलंबित’ लिहिले होते. वाचताच एका सहकाऱ्याने विचारले की सर्व्हरची खातेनिहाय चौकशीही होणार का. ‘स्थगित’ लिहिले तर एखादी सभा पुढे ढकलल्यासारखे वाटते.

प्रतिसाद (म्हापसे)

‘रोखून धरला’ असे लिहावे. सस्पेंड केलेला सर्व्हर बंद नसतो. तो ‘ॲडमिन’ स्थितीत जागा राहतो, सामान्य वापरकर्त्यांच्या विनंत्या घेत नाही, पण देखभालीच्या आज्ञा ऐकतो. म्हणून ‘रिझ्यूम’साठी ‘चालू केला’ म्हणू नये, ‘पुन्हा खुला केला’ म्हणावे. ‘चालू केला’ हा शब्द ‘स्टार्ट’साठीच राखून ठेवा.

प्रतिसाद (मडगाव)

पुस्तिकेसाठी शेवटची सूचना. ‘डावीकडच्या वरच्या बटणावर’ किंवा ‘कंट्रोल टॅबमध्ये’ अशा खुणा कमीत कमी द्याव्यात. वेबलॉजिकच्या १४.१.२ आवृत्तीतून ब्राउझरमधला जुना ॲडमिन कन्सोल काढून टाकलेला असून त्याची जागा रिमोट कन्सोलने घेतली आहे आणि त्याची मांडणी वेगळी आहे. सर्व्हर अद्ययावत झाला की खुणांची पाने बाद होतील. ‘रोखून धरला’, ‘तोडून बंद केला’ या नोंदी तशाच चालतील.