धागा: पुण्यात अंगी आलेलं शहाणपण, तुमचे अनुभव लिहा

कण्हेर
काल संध्याकाळी स्वारगेटला मेट्रोतून वर आले. एसटीतून नुकतीच उतरलेली एक मुलगी दिसली, पाठीला सॅक, हातात वळकटी. एकजण तिच्या मागे मागे, "ताई कुठं जायचंय, स्वस्तात सोडतो." तिने मान वळवली नाही. सरळ रसवंतीवर गेली, अर्धा ग्लास रस घेतला आणि पिता पिता विचारलं, वारजे माळवाडीची बस कुठून सुटते? माझ्या घशाशी आवंढा आला.

१९९६ साली करमाळ्याहून मी अशीच उतरले होते. आत्या मंडईबाहेर पालेभाजी घेऊन बसायची, शाळा चौथीपर्यंत. तिने आधीच बजावलं होतं, पत्ता फिरत्या माणसाला विचारायचा नाही, ठिय्या असलेल्याला विचारायचा. चहावाला, चांभार, फुलवाली. त्याला उद्याही तिथंच बसायचंय, तो खोटं सांगणार नाही. दुसरं म्हणजे विचारताना थांबल्यासारखं दिसायचं नाही, काहीतरी विकत घ्यायचं. मोठी नोट बाहेर काढायची नाही, सुट्टे वेगळे ठेवायचे.

पुढे नोकरी, घर, मुलं झाली. पुस्तकातलं पुष्कळ विसरले, हे नाही विसरले. स्ट्रीट स्मार्ट म्हणतात ते हेच ना? तुम्हाला कोणी शिकवलं, लिहा.

पर्वतीपायथा
दोन जागी पैसे ठेवणे, आमच्या आजीचा नियम. बटव्यात बसपुरते, बाकीचे पोलक्यात. आज मुलीच्या फोनच्या कव्हरमागे शंभराची नोट घडी करून ठेवलीये, कारण बॅटरी संपली की यूपीआय पण संपतं.

बोळातला
माझे वडील २८ वर्षं रिक्षा चालवत होते, म्हणून दुसरी बाजू लिहितो. सगळे म्हणतात रिक्षावाल्यापासून सावध. पण पेठांत प्रवासी काय करायचे माहितीये? वाड्यापाशी उतरायचे, "सुट्टे घेऊन येतो" म्हणून आत जायचे आणि मागच्या दाराने पलीकडच्या बोळात पसार. रात्रीच्या धंद्यात दोनदा असं झालं की दिवसाची कमाई गेली. मग वडिलांनी रविवारी सकाळी सायकलवर फिरून बघून ठेवलं, कोणता वाडा आरपार आहे. सदाशिव, नारायण, शनिवार, सगळं पाठ. पुढे कोणी आरपार वाड्यापाशी थांबवलं की ते म्हणायचे, "चला साहेब, मी पण येतो, पाणी प्यायचंय." भांडण नाही, संशय दाखवणं नाही, समोरच्याचा मान पण राहिला. मला हे फार मोठं वाटतं. न फसणं आणि समोरच्याला चोर न ठरवणं, दोन्ही एकदम जमायला हवं.

वाडे गेले आता. सोसायटीला एकच गेट.

कण्हेर
@बोळातला "पाणी प्यायचंय" 🙏 वडिलांना नमस्कार सांगा.

बोळातला
२०१९ ला गेले ते. पण सांगतो.

ताकपिठलं
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. सासऱ्यांनी जुनं कपाट विकायला जाहिरात टाकली. फोन आला, "काका पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका." त्यांनी टाकला, १८ हजार गेले. सगळ्यांनी घरात लिहून चिकटवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. पोरांनी ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, म्हणून काही रक्कम पुढच्या खात्यात गोठली. उशीर केला असता तर तीही गेली असती. सासरे महिनाभर जेवताना बोलत नव्हते. ज्यांचे पैसे गेले त्यांना रागावू नका हो, एवढीच विनंती.

नदीकाठ
@ताकपिठलं काकांना सांगा ते एकटे नाहीत. माझ्या आईला "डिजिटल अरेस्ट"वाला फोन आला होता. व्हिडिओवर गणवेशातला माणूस, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही म्हणे. अशी अटक कायद्यातच नाही. आईने काय केलं? "गॅसवर दूध आहे" म्हणाली, उठली, शेजारच्या काकूंना घेऊन आली. दोन बायका दिसल्यावर फोन कट.

वेताळटेकडी
दूध 😄👏

समविषम
पार्किंग. पी वन पी टूच्या पाट्या आहेत तिथे सम तारखेला एक बाजू, विषमला दुसरी. पण ३१ नंतर १ येते, दोन्ही विषम! त्या दिवशी सवयीने बाजू बदलणाऱ्यांच्या गाड्या उचलल्या जातात. पेट्रोल भरताना शून्य बघा, शंका आली तर पाच लिटरचं माप मागा, मागायचा हक्क आहे.

जुनापाना
जुना बाजार अजून बुधवारी भरतो का? मला व्हाइस (काम पकडून ठेवायचा शिकंजा) हवाय.

समविषम
बुधवार आणि रविवार. फोन मात्र बघून घे, *#०६# दाबून हँडसेटचा आयएमईआय नंबर काढ आणि सरकारच्या संचार साथी साइटवर तपास. चोरीचा निघाला तर डोक्याला ताप.

शब्दवेडी
स्ट्रीट स्मार्टला मराठीत काय म्हणायचं? व्यवहारी म्हटलं की पैशाचा वास येतो. बेरकी, चलाख यांत लबाडी आहे. आमच्याकडे आजी म्हणायची, "पोरगी तयार आहे." मला तोच आवडतो.

पर्वतीपायथा
तयार +१. माझे आजोबा असेच. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तेव्हा आमच्या घरचे नारायण पेठेत राहायचे. लोक सामान माळ्यावर चढवत होते. आजोबांनी ट्रंक, भांडी, सगळं तिथंच सोडलं, रेशनकार्ड आणि चार पोरं घेतली आणि पर्वतीकडे चालू लागले. आजी तांब्याच्या हंड्यासाठी रडत होती. परत आल्यावर घर नव्हतं, पण रांगेत उभं राहायला कार्ड होतं. काय सोडायचं हे त्यांना कळलं.

रातराणी
मी फार लिहीत नाही इथे. डेक्कनला शेवटची बस चुकली, २००७, अकरा वाजून गेलेले, फोनमध्ये बॅलन्स नाही. दोघं मोटारसायकलवर दोनदा घिरटी घालून गेले. मी गजरेवाल्या मावशींकडे गेले, आवराआवर चालली होती त्यांची. म्हटलं एक गजरा द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या मुलांकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "कवाधरनं वाट बघतीय, बस हितं, भाऊ येतोय तुझा." भाऊ कुठला! ओळखीच्या रिक्षात बसवून दिलं, रिक्षाचा नंबर स्वतःच्या हातावर पेनने लिहिला, त्याला दाखवून. गजऱ्याचे पैसे घेतले नाहीत. मी तेव्हा तयार नव्हते, त्या होत्या. आता ऑफिसात नवी मुलगी आली की तिच्या कॅबचा नंबर मी लिहून घेते.

ताकपिठलं
काटा आला अंगावर. हातावर नंबर 🙏🙏

कण्हेर
आत्याला सगळा धागा वाचून दाखवला. ८१ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, रातराणीचं दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, गजरेवाली आमच्यातली दिसते. मग विचारलं, त्या स्वारगेटच्या पोरीला बस मिळाली का? मिळाली. मी रसवंतीवर अर्धा ग्लास घेऊन थांबले होते, ती चढेपर्यंत.