सुदानचे पिरॅमिड म्हणजे नुसती कॉपी?

काहीजण म्हणतात की सुदानचे पिरॅमिड म्हणजे इजिप्तची छोटी कॉपी, तर ते अर्धंच खरं आहे. कल्पना तिकडचीच हो, पण कुशच्या (आजच्या सुदानातलं प्राचीन राज्य) राजांनी ती उचलली तेव्हा इजिप्तमधे राजांसाठी पिरॅमिड बांधणं कधीच बंद पडलं होतं, आणि या लोकांनी तर आधी इजिप्तच जिंकलं, पिये राजाने, आणि नंतर तहारका वगैरे राजांनी तिथे राज्य केलं, तेच ते इजिप्तचं २५वं राजघराणं. आकार लहान पण उतार एकदम खडा, जवळपास ७० अंश, आणि दफनाची खोली पिरॅमिडच्या आत नाही तर खाली खडकात खोदलेली. संख्या म्हणाल तर २०० च्या वर, म्हणजे इजिप्तपेक्षा जास्तच!

मेरोईच्या (कुशची जुनी राजधानी) फोटोत बऱ्याच पिरॅमिडांची टोकं तुटकी दिसतात ना, त्यातल्या काहींचं श्रेय फर्लिनी नावाच्या इटालियन डॉक्टरला, १८३४ मधे सोन्यासाठी यानी ते फोडले. कुशची राणी अमानीशाखेतो हिचे दागिने मिळाले त्याला, ते आता बर्लिन आणि म्युनिकला आहेत. युरोपात आधी कोणी विश्वासच ठेवेना की आफ्रिकेत इतकं बारीक काम होऊ शकतं. धन्य!