पॅनेल लाइट भोकात बसत नाही, दुकानदार परत घेत नाही. चूक कोणाची?

मोजपट्टी
पुण्याच्या तपकीर गल्लीतून, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारातून, आणलेला दिवा फॉल्स सीलिंगच्या भोकात बसला नाही, की सगळा राग 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीवर निघतो. माझ्या मते यात दुकानदाराची चूक नाही. गिऱ्हाईक 'बारा वॅटचा गोल द्या' म्हणतं. वॅट म्हणजे माप नव्हे. एकाच वॅटच्या दिव्यांना प्रत्येक कंपनीत वेगळं भोक लागतं. त्यातून बोलीभाषेतलं 'आठ इंची' हे बऱ्याचदा बाहेरच्या कडेचं माप असतं आणि भोक त्याहून १५-२० मिमी लहान लागतं. घरून निघतानाच भोकाचा व्यास मिमीमध्ये मोजून न्यावा, आडवा आणि उभा दोन्ही, कारण हातकरवतीने कापलेलं भोक क्वचितच खरं गोल असतं. आत बोट घालून वर किती जागा आहे तेही बघावं. खोल सीओबी (एलईडी चिपा एकाच जागी दाटीने बसवलेल्या) दिव्याला ८०-९० मिमी लागू शकतात, आणि बीमखाली तेवढी जागा असेलच असं नाही.

पावतीवाला
दुकानदाराला इतकं सोवळं ठरवू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत छापली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाटी लावली म्हणून कायदा बदलत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

मोजपट्टी
सदोष! दिवा लागतोय, उजेड देतोय. तुमच्या भोकात बसत नाही हा त्याचा दोष कसा?

पावतीवाला
खोक्यावर कटआउट (लागणारं भोक) १५५ मिमी छापलंय आणि प्रत्यक्षात १६५ लागतंय, तर दोषच, कारण विकणाऱ्याने केलेल्या दाव्याला माल उतरत नाही. खोक्यावर बरोबर छापलं होतं आणि तुम्ही वाचलं नाही, तर मात्र कायदा तुमच्या बाजूने नाही, हे मान्य. ऑनलाइन घेतलं असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत: जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. म्हणून त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सीलिंगवाला_कोथरूड
कायदा राहू दे, पैसे परत नाही तरी बदली बरेचदा मिळते. अट एकच: माल कोरा हवा. ड्रायव्हरची (दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीची) वायर सोलली, स्प्रिंगच्या क्लिपा वाकवल्या, की खेळ खल्लास. आधी वायर न जोडता नुसता दिवा भोकाला लावून बघा.

बदली नाहीच मिळाली आणि भोक लहान असेल तर ते वाढवा. एमसीबी बंद, आत टॉर्च मारून चॅनेल (सीलिंग धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या) आणि वायरी कुठे आहेत ते बघा, मगच कापा. होल सॉ (ड्रिल मशीनला लावायची गोल करवत) थेट लावू नका, मधल्या ड्रिलला धरायला काहीच नसतं, करवत नाचते आणि जिप्समची कड फुटते. प्लायच्या तुकड्यात हव्या मापाचं भोक पाडा, तो सीलिंगला घट्ट धरायला एक माणूस ठेवा, आणि मधलं ड्रिल काढून होल सॉ त्यातून चालवा.

रंगारी_धायरी
वाढवायला विरोध आहे. भोकाच्या कडेला चॅनेल असेल तर ते कापायचा मोह होतो, आणि मग सीलिंग तिथेच खाली बसतं. आणि उद्या हा दिवा गेला, की त्या मोठ्या भोकाला पुन्हा त्याच मापाचा शोधत फिरा. त्यापेक्षा दिवा जिन्यात किंवा बाल्कनीत वापरा, वर सरफेस बॉक्स (छताच्या बाहेरून बसणारा डबा) लावून. सीलिंगला हात लावू नका.

सीलिंगवाला_कोथरूड
चॅनेल कापायला कोण सांगतंय? ते आडवं आलं तर भोक वाढवायचंच नाही. बाकी सरफेस बॉक्सचं म्हणाल तर कन्सील्ड (भोकात बसणाऱ्या) दिव्याला बसेल असा बॉक्स त्याच कंपनीचा लागतो, म्हणजे पुन्हा मापाचंच दुखणं.

मोजपट्टी
आणि भोक मोठं असेल तर?

रंगारी_धायरी
दिव्याची कड भोकावर चहूबाजूंनी ५ मिमी तरी बसत असेल तर चालवून घ्या, फक्त क्लिपा पकडतात का ते बघा. त्याहून मोठं असेल तर ६ मिमी प्लायची रिंग रंगवून लावा. भोक बुजवायचंच असेल तर आतून प्लायच्या दोन पट्ट्या स्क्रूने बसवून जिप्समचा तुकडा त्यांवर, सांध्याला जॉइंटिंग कंपाउंड आणि कागदी टेप, पुट्टीचे दोन हात, घासणं. नुसत्या तेवढ्या ठिगळाला रंग दिला तर दिवा लागल्यावर गोल उठून दिसतो, सगळं सीलिंग रंगवावं लागतं. वाढवलेलं भोक उद्या बुजवायची वेळ आली तर हेच करावं लागेल. आता बोला, भोक वाढवणं स्वस्त की दिवा माळ्यावर टाकणं?

सीलिंगवाला_कोथरूड
वाढवणं. रिंग लावणार असाल तर आतल्या व्यासाला २ मिमी ढील ठेवा, नाहीतर रंगाच्या दोन थरांनंतर दिवा तिच्यातही बसत नाही.