भावाचा पाय वाचला पण तो घराबाहेरच पडत नाहीये, कोणाचा अनुभव असेल तर सांगा

कपाशीवाली_ताई:
आम्ही अमळनेरजवळचे. लहान भाऊ 17 वर्षांचा, गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडात ऑस्टिओसारकोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर निघाला. कबड्डीत मार लागला असेल म्हणून आधी दोन महिने नुसती हळद लावत बसलो, ते आईच्या मनातून अजून जात नाही. मुंबईला आधी केमो, मग ऑपरेशनमध्ये तेवढं हाड काढून आत धातूचा सांधा बसवला, मग परत केमो. आता औषधं संपून पाच महिने झाले, रिपोर्ट क्लियर आहेत आणि खरा त्रास आता सुरू झालाय. केमोत उलट्या व्हायच्या तरी जोक मारायचा, आता दिवसभर खोलीत मोबाईल घेऊन पडलेला. पळणं, उड्या, कबड्डी कायमचं बंद सांगितलंय. गावातले येतात आणि म्हणतात झाला ना बरा, मग असा काय बसतो. आई सगळ्यांना 'गाठ होती' एवढंच सांगते. दर तीन महिन्यांनी छातीचा सीटी स्कॅन असतो, त्याच्या आठ दिवस आधीपासून याचं जेवण बंद. परवा म्हणाला, पाय कापला असता तर बरं, निदान लोकांना दिसलं तरी असतं. मला काय बोलावं सुचेना. असं किती दिवस चालतं?

चोपडेकर_बियाणेवाला:
ताई, माझा उजवा पाय 2011 ला कापला, वय 19, हाच आजार. भावाला सांगा, दिसतं म्हणून लोक गप्प बसत नाहीत, फक्त प्रश्न बदलतात. रात्री नसलेल्या पायाची बोटं खाजायची, घरच्यांना वाटायचं पोरगं येडं झालं. फँटम पेन म्हणतात त्याला. चांगला पाय आरशासमोर धरून व्यायाम करायला लावले, हळूहळू कमी झालं, पूर्ण गेलं नाही. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की पाय वाचलेले आणि कापलेले यांच्या जगण्याची तुलना केली तर बऱ्याच अभ्यासांत फार मोठा फरक निघत नाही. मला जाम राग आला होता, आता पटतं.

अन् कृपा करून त्याला प्रेरणेचे व्हिडिओ पाठवू नका. मला सगळे टेरी फॉक्सचे पाठवायचे. 1977 ला पाय कापला अन् 1980 ला कॅनडात 143 दिवसांत 5373 किमी पळाला. माणूस ग्रेटच, पण मला तेव्हा संडासपर्यंत जाता येत नव्हतं हो! मला बाहेर काढलं ते दुकानानं. गिऱ्हाईक माझ्या जयपूर फूटकडे नाही, बियाण्याच्या भावाकडे बघतं.

भक्त_खान्देशी:
कानबाईला नवस बोला, पॉझिटिव्ह राहायला सांगा, सगळं ठीक होईल 🙏

धुळ्याची_मम्मी:
नवस आम्हीपण बोललो दादा, त्याचं काही नाही. पण पोराला पॉझिटिव्ह राहा नका म्हणू. माझी मुलगी 14 ची होती, नडगीचं हाड. एकदा ओरडली, मम्मी मला रडायला पण बंदी आहे का. तेव्हापासून आम्ही घरात 'कॅन्सर' शब्द सरळ वापरायला लागलो, पाहुण्यांना काय सांगायचं ते तीच ठरवायची, अन् नको असेल तर दार बंद. सासूबाई महिनाभर रुसल्या, रुसू दे. ताई, आईंचं ते 'गाठ होती' आधी बंद करा, त्याला वाटत असणार आपण लाज वाटण्यासारखं काहीतरी केलंय. आणि तपासणीला जाताना रेल्वेची सवलत घेता ना? स्लीपर अन् थर्ड एसीत पेशंटला पूर्ण, सोबतच्याला 75 टक्के.

फिजिओ_जळगाव:
ताई, दोन गोष्टी. सांधा बसवलेला गुडघा पडून राहिला तर आखडतो, त्यामुळे रोजचं चालणं सोडू नका, सायकल, पोहणं काय चालेल ते सर्जनला विचारा. ताप आला किंवा गुडघा गरम, लाल झाला तर गावात इंजेक्शन घेऊ नका, लगेच ऑपरेशन केलं तिथे फोन करा, आत इन्फेक्शन असू शकतं.

दुसरं, "कापला असता तर बरं" हे वाक्य हलकं घेऊ नका. जगावंसं वाटतं ना, असं सरळ विचारा, विचारल्यानं डोक्यात नसलेलं काही भरत नाही. टेलीमानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. पुढच्या फॉलोअपला मानसोपचाराची ओपीडी मागून घ्या, सीटीच्या आधीची भीती खूप जणांना असते, त्यावर काम करता येतं.

कपाशीवाली_ताई:
सगळ्यांचे आभार. विचारलं मी त्याला सरळ. तासभर रडला, मग म्हणाला मरायचं नाहीये गं, फक्त कंटाळा आलाय सगळ्यांना बरा दिसायचा. 14416 ला स्वतःच फोन लावला, मला खोलीबाहेर काढून. टेरी फॉक्सवालं वाचून हसला, चोपड्याच्या दादांचा नंबर पाहिजे म्हणतोय, इनबॉक्स केलंय.

काल चुलतभावाच्या गाडीवर शेतात आला, भरीत होतं, वांगी सोलत बसला. गडीमामांनी विचारलं पाय कसा शे रे. म्हणाला, "लोखंडना शे, हात लाईसन देख."

सीटी 20 तारखेला आहे.