पाऊचवाला लोगोची वेक्टर फाईल मागतोय, जेपीजी का चालत नाही?

हळद_पॅकिंग_सांगली:
नमस्कार मंडळी, आमचं हळद पॅकिंगचं छोटं युनिट आहे, आत्तापर्यंत साध्या पिशवीवर स्टिकर लावून माल द्यायचो, आता २०० ग्रॅमचा छापील पाऊच करायचाय. पाऊचवाला म्हणतोय लोगो वेक्टरमधी द्या. माझ्याकडं फक्त जेपीजी आहे, ज्या पोरानं लोगो केला त्याच्याकडंपण मूळ फाईल राहिली नाही. मग डीटीपीवाल्याकडून तीच जेपीजी कोरलमध्ये (कोरलड्रॉ, डिझाईनचं सॉफ्टवेअर) टाकून सीडीआर, म्हणजे कोरलची फाईल, करून घेतली, तीपण परत आली, म्हणे ही बिटमॅपच आहे, म्हणजे ठिपक्यांचं चित्र. मोबाईलवर तर एकदम क्लिअर दिसतंय, मग अडचण कुठं आहे? आणि राजापुरी हळकुंडांचा फोटो घ्यायचाय पाऊचवर, तोपण वेक्टर करावा लागतो का?

ऑफसेट_मिरज:
भाऊ, पाऊचवाला बरोबर बोलतोय. सीडीआर काय, पीडीएफ काय, हे नुसते डबे आहेत, आत जेपीजी ठेवली तर आत जेपीजीच राहणार. ओळखायचं सोपंय, कोरलमध्ये व्ह्यूमधून वायरफ्रेम करून बघा, खरा वेक्टर असेल तर नुसत्या बारीक रेषा दिसतात, बिटमॅप असेल तर तोच फोटो करडा होऊन दिसतो.

आता मोबाईलवर क्लिअर का दिसतो, तर जेपीजी म्हणजे मोजके पिक्सेल, रंगाचे बारीक चौकोनी ठिपके. समजा लोगो ६०० पिक्सेल रुंद आहे, छपाईला इंचाला ३०० लागतात म्हणजे तो २ इंचापर्यंत नीट येणार, पाऊचवर ४ इंच घेतला की इंचाला १५० च उरले, कडा फाटल्यासारख्या दिसणार. डीपीआयच्या (इंचाला किती ठिपके) खान्यात ३०० लिहून फाईल मोठी करतात काहीजण, त्यानं पिक्सेल वाढतात पण नवीन बारकावा कुठून येणार? वेक्टरमध्ये पिक्सेलच नसतात, रेषा कुठून निघाली, कुठं वळली, आत कुठला रंग एवढीच नोंद असते, त्यामुळं व्हिजिटिंग कार्डाला आणि हायवेवरच्या होर्डिंगला तीच फाईल चालते.

ऑटो ट्रेस करून, म्हणजे सॉफ्टवेअरकडून आपोआप वेक्टर काढून, देतो म्हणणारे भेटतील, लहान जेपीजीवर करू नका. 'हळद' मधल्या ळ च्या पोकळ्या बुजतात, शिरोरेघ वाकडी होते, कोपरे गोल होतात. चांगल्या माणसाकडून बेझियर टूलनं (वळणाच्या रेषा काढायचं टूल) हातानं लोगो परत काढून घ्या, अक्षरं त्याच फॉन्टमध्ये परत टाईप करा आणि पाठवायच्या आधी कंट्रोल क्यू दाबून कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांच्या रेषा होतात, नाहीतर समोरच्याकडं तुमचा श्रीलिपीसारखा मराठी फॉन्ट नसला की मराठी मजकुराचा पार चुराडा होतो.

पॅकेजिंग_डिझाईन_सातारा:
दादा, फोटो वेक्टर करायचा नाही, फोटो रास्टरच, म्हणजे पिक्सेलचाच, राहतो. ३०० कुठून आलं तर छपाईची जाळी (शाईच्या ठिपक्यांच्या ओळी) साधारण इंचाला १५० ओळींची असते, तिच्या दुप्पट पिक्सेल द्यायचे असा हिशोब आहे.

पण फोटोवरचा मजकूर फोटोशॉपमध्ये लिहून सगळं एकत्र जेपीजी करू नका हं, हे मी कळकळीनं सांगते. वजन, एमआरपी, एफएसएसएआय (अन्न परवाना) नंबर असली बारीक अक्षरं बिटमॅप झाली की कडा जाळीच्या ठिपक्यांत तुटतात, ग्राहकाला वाचताच येत नाहीत. ती वेक्टरच ठेवा आणि नुसत्या काळ्या शाईत, के १००, म्हणजे शंभर टक्के काळी. चार रंग मिसळून काळा केला तर रजिस्ट्रेशन (रंगांची एकमेकांवरची जुळणी) केसभर सरकलं तरी अक्षर दुहेरी दिसतं. बारकोडपण वेक्टरच पाहिजे.

रंग आरजीबीतून (स्क्रीनचे रंग) सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाया) केल्यावर पिवळा नीट तपासा, त्यात थोडा जरी सायन (निळसर शाई) शिरला तरी हळद हिरवट मळकट दिसते. पारदर्शक फिल्म असेल तर रंगांमागं पांढरी शाई लागते, तिचा आकार वेगळ्या लेयरवर वेक्टरमध्ये द्यायचा. पाऊच ग्रॅव्ह्युअरवर छापणार असतील तर एकेका रंगाला वेगळा सिलिंडर कोरतात, नंतर एक मात्रा बदलायची म्हटली तरी सिलिंडरचा खर्च परत, म्हणून प्रूफ (छपाईआधीचा नमुना) घरातल्या दोघातिघांकडून वाचून घ्या.

हळद_पॅकिंग_सांगली:
लई उपयोग झाला ताई, भाऊ. फोटो मोबाईलवर काढलाय, ४००० बाय ३००० पिक्सेल, पाऊच ५ इंच रुंद आहे. चालेल का? आणि मार्केट यार्डातल्या दुकानावर १० फुटी फ्लेक्सला तोच वापरला तर?

ऑफसेट_मिरज:
पाऊचला आरामात चालेल, ५ इंचाला १५०० च लागतात. फ्लेक्सवर ४००० पिक्सेल म्हणजे इंचाला ३३ च्या आसपास, वर उंचावर लावणार असाल तर चालतंय, दारात हाताच्या अंतरावर असेल तर फोटो लहान घ्या आणि लोगो मोठा करा, तो वेक्टर झाल्यावर कितीपण वाढवा. फक्त फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की ते पिक्सेल कमी करून टाकतं.