बाक चालतो, पीळ नाही
करंगळीखालचं तळहातातलं मोडलेलं हाड एक्स-रेत वाकडं दिसतंय, तरी डॉक्टर नुसत्या प्लास्टरवर कसे थांबले, असा प्रश्न आहे. त्या हाडाच्या मानेशी, म्हणजे बोटाच्या मुळाजवळच्या निमुळत्या भागाशी, साधारण ४० अंशांचा बाक बहुतेकदा चालून जातो, कारण त्याचा मनगटाकडचा सांधा बराच हलतो आणि फरक भरून काढतो. तर्जनी आणि मधल्या बोटाखालच्या हाडांना ही सवलत नाही. तिथे मर्यादा १०-१५ अंश.

पीळ, म्हणजे मोडलेला तुकडा स्वतःभोवती फिरलेला असणं, मात्र कुठल्याच बोटात चालत नाही. तो एक्स-रेपेक्षा डोळ्यांनी नीट कळतो: मूठ हळूहळू मिटताना एक बोट शेजारच्यावर चढलं, की पीळ आहे.

प्लास्टरमध्ये बोटांच्या मुळाचे सांधे ७०-९० अंशांत वाकलेले आणि पुढचे सरळ हवेत. मुळाचे सांधे सरळ बांधले तर बाजूचे अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे पट्टे) आखडतात, मग मूठ वळत नाही. ही चूक अजूनही सर्रास दिसते.

ऑपरेशन करून हाड धरून ठेवायला तारा घातल्या तर बहुधा ३-४ आठवड्यांनी काढतात. तोवर तारांची बाहेर असलेली टोकं कोरडी ठेवा, लाली किंवा पू दिसल्यास लगेच दाखवा. तारांऐवजी हाडावर बसवलेल्या धातूच्या प्लेटने हालचाल लवकर सुरू करता येते, पण वरून जाणारे कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) तिला चिकटू शकतात.

आणि हो, दाबल्यावर हाड दुखायचं थांबलं तरी एक्स-रेत मोडल्याची फट काही काळ दिसत राहते. तेवढ्यासाठी व्यायाम लांबवू नका.